काळ्या मेंदीच्या पुडीविषयी : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांस खुले पत्र

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



महाराष्ट्रातील आठवडी बाजारांत, गल्लीतल्या किराणा दुकानांत आणि शहरांतील केशकर्तनालयांत व पार्लरांत 'काळी मेंदी' या नावाने जी पुडी विकली जाते, तिच्यासंबंधाने हे पत्र मी आपणांस उघडपणे लिहीत आहे. उघडपणे अशासाठी की, ज्यांच्या मस्तकावर ही पुडी कालवून लावली जाते त्या सामान्य स्त्रीपुरुषांनाही यातील मजकूर वाचता यावा, आणि ज्या कायद्याने आपल्या हाती अधिकार दिले आहेत तोच कायदा त्यांच्या बाजूने काय बोलतो हे त्यांना कळावे. पुडीच्या दर्शनी भागावर हिरव्या पानांची डहाळी छापलेली असते, तिच्या जोडीला आवळा, जास्वंद, माका, शिकेकाई यांची चित्रे असतात, 'हर्बल' हा शब्द ठळक असतो; आणि पाठीमागे, भिंगावाचून वाचता येऊ नये इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत, घटकद्रव्यांच्या यादीत कोठेतरी पॅराफेनिलीनडायामीन, म्हणजे वैद्यकात ज्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात, त्या द्रव्याची नोंद सापडते. अशा पुडीने केसांना जो काळा रंग येतो, तो या द्रव्याचा असतो. चित्रातील पानांचा नसतो.

मेंदीच्या पानात काळा रंग नाही. वाळलेल्या पानात वजनाने शेकडा एक भागाच्या आसपास लॉसोन नावाचे तांबूस-नारिंगी द्रव्य असते. पान ओले झाले की ते मोकळे होते, केसातील केराटिन या प्रथिनाशी रासायनिक बंधाने जडते, आणि म्हणूनच मेंदीचा रंग धुण्याने सहसा उतरत नाही, केस वाढून कापला जाईपर्यंत राहतो. पांढऱ्या केसावर हा रंग केशरी-तांबूस दिसतो. मुळात काळ्या असलेल्या केसावर उन्हात तेवढी तांबडी झाक दिसते, कारण केसाचा मूळ रंग काढून टाकण्याची शक्ती मेंदीत नाही. राजस्थानात पाली जिल्ह्यातील सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पण ती सोजतची उत्तम, दोनदा वस्त्रगाळ केलेली मेंदी रात्रभर भिजवून दिवसभर डोक्यावर ठेवली, तरी पांढरा केस काळा होणार नाही. तेव्हा जी भुकटी नुसत्या पाण्यात कालवून अर्ध्या तासात पांढरे डोके काळेभोर करते ती केवळ मेंदी असूच शकत नाही, हे अनुमान काढण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. अशा अनेक पुड्यांत मेंदीच्या भुकटीत पीपीडी आणि बेरियम पेरॉक्साइडसारखे प्राणवायू देणारे द्रव्य कोरडेच मिसळलेले असते; पाणी पडताच त्यांची परस्परांवर क्रिया सुरू होते, केसाच्या गाभ्यात काळ्या रंगाचे मोठे रेणू तयार होतात आणि तेथेच अडकून बसतात. बाटलीतून मिळणाऱ्या रासायनिक कलपाचीही हीच रीत आहे. फरक इतकाच की, बाटली घेणाऱ्याला आपण रसायन घेत आहोत हे ठाऊक असते, आणि पुडी घेणारी बाई मेंदी घेतली असे समजून घरी येते.

माझे म्हणणे रासायनिक कलपाच्या विरुद्ध नाही. ज्याला तो सोसतो आणि ज्याने तो समजून-उमजून पत्करला आहे, त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पांढरे केस रंगविण्याची इच्छा ही आजकालची चैन आहे असे समजून तिची हेटाळणी करणाऱ्यांशी तर मी मुळीच सहमत नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा जो अध्याय लिहिला, त्याचा आरंभच त्याने केशरंजनाने केला आहे. ज्याचे मस्तक पांढरे झाले त्याला पुष्पमाला, सुगंध, वस्त्रे आणि अलंकार शोभत नाहीत, असे सरळ कारण देऊन तो कृती सांगू लागतो. लोखंडी पात्रात हरकाचे दाणे आंबवलेल्या द्रवात लोहचूर्णासह शिजवावेत, ते बारीक वाटून त्यांचा लेप आंबवणीने भिजवलेल्या केसांवर द्यावा आणि वरून ओली पाने गुंडाळावीत. दोन प्रहर लोटले की तो काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पाने गुंडाळून आणखी दोन प्रहर थांबावे, आणि मग डोके धुवावे म्हणजे ते काळे होते. त्यानंतर लोखंडाचा व आंबणीचा वास जावा म्हणून सुगंधी द्रव्यांनी स्नान करावे. एवढ्या तपशिलाने लिहिणारा ग्रंथकार ऐकीव गोष्ट सांगत नाही, हे वाचताक्षणी पटते. आंबट द्रवात विरघळलेले लोह आणि आवळ्यातील तुरट द्रव्य यांचा संयोग झाला की काळा रंग उत्पन्न होतो, आणि हिरडा व हिराकस यांची जी शाई पूर्वी करीत तिच्या काळेपणाचे कारणही हेच आहे. आपल्याकडील वृद्ध स्त्रिया मेंदी लोखंडी कढईत रात्रभर भिजवीत, तिच्यात आवळकाठीची पूड, चहाचा काढा आणि किंचित कात घालीत, त्यामागेही हेच ज्ञान होते. त्यांना रसायनशास्त्राची परिभाषा अवगत नव्हती, पण कोणत्या भांड्याने रंग गडद होतो हे त्या नेमके जाणत होत्या. या कढईतल्या मेंदीचा रंग तपकिरीकडे झुकतो, सौम्य होतो; मात्र काळा होत नाही.

वनस्पतींपासून केसांना खराखुरा काळा रंग येण्याचा मार्ग नाही असे मात्र नव्हे. तो आहे, आणि तो मेंदीनंतर निळीच्या पानांतून जातो. ज्या निळीच्या लागवडीपायी बंगाल्यातील आणि चंपारणातील रयतेने अपार यातना सोसल्या, १८९७ साली जर्मनीत कृत्रिम नीळ व्यापारी प्रमाणावर निघू लागल्यावर जिच्या मळ्यांना उतरती कळा लागली, आणि तरीही जिच्या सक्तीविरुद्ध १९१७ साली गांधीजींना चंपारणात उभे राहावे लागले, तीच वनस्पती आज तमिळनाडूतील काही शेतकरी पिकवितात, आणि तिच्या वाळलेल्या पानांची हिरवट भुकटी केसांसाठी विकली जाते. कपडे रंगविण्याच्या निळीच्या वड्यांशी या भुकटीची गल्लत करू नये. वडीत रंग तयार होऊन बसलेला असतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. पानाच्या भुकटीत तो अजून जन्माला यायचा असतो. पानात इंडिकन नावाचे वर्णहीन द्रव्य साखरेशी बांधलेले असते. कोमट पाणी लागले की पानातीलच एक पाचक द्रव्य ती साखर तोडते, जे मोकळे होते ते केसात शिरते, आणि तेथे हवेतील प्राणवायूशी गाठ पडली म्हणजे त्याच्या दोन-दोन रेणूंची जोडी जुळून निळा, अविद्राव्य रंग सिद्ध होतो.

या एका क्रियेतून कृतीचे सारे नियम आपोआप निघतात, आणि ते ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळ लोक एकदा हात पोळल्यासारखे होऊन पुन्हा पुडीकडे वळतात. मेंदी आधी, नीळ नंतर, हा क्रम सोडता येत नाही. पांढऱ्या केसावर नुसती नीळ दिली तर निळसर-हिरवट छटा येते आणि तीही लवकर उतरते, परंतु मेंदीच्या तांबूस थरावर नीळ बसली की दोन रंग एकमेकांना झाकून डोळ्यांना काळे दिसते. मेंदी किंचित आंबट पाण्यात कित्येक तास भिजवावी लागते. निळीला आंबट मुळीच चालत नाही, ती साध्या कोमट पाण्यात, काही जण चिमूटभर मीठ घालतात तसे घालून, दहा-पंधरा मिनिटेच ठेवावी आणि लगेच लावावी, कारण भांड्यातच तिला हवा लागून रंग पुरा झाला तर तो केसात शिरण्याच्या लायकीचा उरत नाही. मेंदी दोन-तीन तास, मग नुसत्या पाण्याने धुणे, मग नीळ तास-दीड तास, मग पुन्हा नुसते पाणी. धुतल्याबरोबर केस हिरवट किंवा निळसर दिसले म्हणून घाबरू नये. रंग पक्का आणि गडद होण्यास आणखी एक-दोन दिवस लागतात, तोवर साबण किंवा शांपू लावू नये. ज्यांना काळ्याऐवजी तपकिरी हवा त्यांनी निळीचा वेळ कमी करावा. यात सुटीचा अर्धा दिवस जातो, ओट्यावर हिरवे शिंतोडे उडतात, त्या रात्री उशीवर जुने फडके घालावे लागते. आणि केसांची मुळे महिन्याभरात पुन्हा पांढरी दिसू लागतात, कारण वाढणारा नवा केस कोणत्याच रंगाला बांधील नसतो.

वनस्पतींच्या नावावर जे जे खपविले जाते त्या साऱ्याची वकिली मी करीत नाही. बिटाचा रस, पळसाची फुले, जास्वंदीचा लगदा यांनी पांढऱ्या केसाला टिकाऊ रंग येत नाही. माक्याचे तेल टाळूला सुख देत असेल, परंतु टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला कोणतेही तेल आतून काळा करू शकत नाही, आणि तसे वचन देणारी जाहिरात असत्य आहे. शिवाय वनस्पतिजन्य म्हणजे सर्वांना निर्धोक असेही नाही : ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मतः उणीव असते, विशेषतः त्यांच्यातील तान्ह्या मुलांच्या अंगाला, मेंदी लागली तर लाल रक्तपेशी फुटून प्रकृती गंभीर होऊ शकते. मेंदीच्याही पुडीवर ही सूचना असावी असे मला वाटते.

आता पीपीडीविषयी. हे द्रव्य कोणा एका उत्पादकाचे गुपित नाही. एकोणिसाव्या शतकात हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या रंजकगुणाची नोंद केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगातील बहुसंख्य टिकाऊ कलप त्याच्या किंवा त्याच्या आप्तद्रव्यांच्या आधाराने उभे आहेत. बहुतेकांना ते सोसते. परंतु ज्याच्या शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरले, त्याचे ते वैर प्रायः जन्मभर टिकते, आणि दर खेपेस अधिक तीव्र होत जाते; टाळू व कानामागची त्वचा चिघळते, कपाळ आणि पापण्या सुजतात, आणि पुढे काही कापडांचे रंग, त्वचा बधिर करणारी काही मलमे, क्वचित सल्फा जातीची औषधेही त्याला बाधू लागतात. हे वैर अनेकदा कलपाने नव्हे, तर जत्रेत वा सहलीच्या ठिकाणी मुलांच्या हातावर 'काळ्या मेंदी'ची जी नक्षी काढतात तिने सुरू होते. लहानपणी मनगटावर उठलेले फोड आईबाप विसरून जातात, आणि तिशी-चाळिशीत पहिला कलप लावला की त्या विस्मृतीची किंमत भरावी लागते. हेच द्रव्य पोटात गेले तर घसा व मान सुजून श्वास कोंडतो, स्नायूंचा नाश होतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात. त्यावर विशिष्ट असा उतारा नाही, आणि भारतातील अनेक रुग्णालयांच्या वैद्यांनी असे रुग्ण पाहून त्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांतून केलेली आहे. घराघरांत हाताशी पडलेल्या पुडीत हे द्रव्य आहे, हे घरातल्यांना माहीत असू नये?

माझ्या आत्याबाई आयुष्यभर कढईतली मेंदी लावीत आल्या होत्या. उतारवयात कोणीतरी त्यांना 'तीच मेंदी, फक्त काळी' असे सांगून पुडी आणून दिली, आणि तीन दिवसांनी त्यांचे डोळे उघडेनात इतक्या पापण्या सुजल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी काय लावले असे विचारले तेव्हा त्या प्रामाणिकपणे 'मेंदी' असे सांगत राहिल्या, आणि त्यामुळे निदानास विलंब झाला. अखेर कचऱ्यातून रिकामे वेष्टन शोधून आणले तेव्हा त्यावरची ओळ वैद्यांना वाचता आली. त्या बऱ्या झाल्या. त्यांचा दोष कोणता, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

कायद्याकडे पाहावे तर तो मुका नाही. १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ची नियमावली यांत पीपीडी किंवा अन्य रंगद्रव्ये असलेल्या केशकलपांसाठी स्वतंत्र नियम घातलेला आहे. २०२० साली सौंदर्यप्रसाधनांची नियमावली वेगळी झाली तेव्हाही हा विषय सोडून दिलेला नाही. या नियमाचा आशय असा की, यातील द्रव्यांनी काहींच्या त्वचेस दाह होऊ शकतो म्हणून आधी चाचणी करावी, आणि भुवया व पापण्या रंगविण्यासाठी हे वापरू नये, तसे केल्यास अंधत्व येऊ शकते, अशी ताकीद आतल्या व बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर असली पाहिजे. आणि ती इंग्रजीत तसेच स्थानिक भाषेत असली पाहिजे. चाचणी कशी करावी, म्हणजे कानामागे किंवा मनगट ते कोपर या भागात हाताच्या आतल्या बाजूस थोडा कलप लावून, वाळू देऊन, चोवीस तासांनी धुऊन पाहावे, याचाही तपशील सोबत द्यावयाचा आहे, आणि ती चाचणी प्रत्येक वेळी नव्याने करावयाची आहे. ज्या कोणी हा मसुदा लिहिला, त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी न वाचणारा ग्राहक स्पष्ट उभा होता. महाराष्ट्रात स्थानिक भाषा मराठी आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. असे असता मराठीत ठसठशीत ताकीद असलेली काळ्या मेंदीची पुडी गावच्या बाजारात शोधून सापडणे कठीण आहे, आणि ही उणीव नियमाची नसून अंमलबजावणीची आहे.

एका बाबतीत नियमही अपुरा वाटतो. या जातीची बाधा उशिरा उमटणारी असते. ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्णपणे दिसते, आणि म्हणून त्वचारोगतज्ज्ञ आपल्या चाचण्या निदान अठ्ठेचाळीस तासांनी वाचतात. चोवीस तासांनी हात स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होणारा मनुष्य फसू शकतो. हा बदल करणे राज्याच्या हातात नाही हे मी जाणते, परंतु केंद्राकडे तशी शिफारस करणे आपल्या अधिकारात निश्चित आहे.

आपल्या प्रशासनाकडून माझी अपेक्षा अवास्तव नाही. आपल्या निरीक्षकांनी 'मेंदी', 'काळी मेंदी', 'हर्बल मेंदी' या नावांनी विकल्या जाणाऱ्या भुकट्यांचे नमुने मोठ्या दुकानांतून तर घ्यावेतच, पण आठवडी बाजारांतून आणि जत्रांतूनही घ्यावेत. त्यांत पीपीडी किती, सोडियम पिक्रामेटसारखे लाल रंगाचे रासायनिक द्रव्य मिसळले आहे की काय, याची तपासणी शासकीय प्रयोगशाळेत व्हावी. युरोपात डोक्यावर लावण्याच्या वेळी कलपात पीपीडीचे प्रमाण शेकडा दोनच्या वर जाऊ देत नाहीत, त्या मोजमापाने आपल्या पुड्या कोठे उतरतात हे लोकांना कळावे. ज्यात पीपीडी आहे त्या पुडीच्या दर्शनी बाजूवर, पानांच्या चित्राइतक्याच ठळकपणे, मराठीत, 'यात रासायनिक कलप आहे' एवढे वाक्य असावे, आणि ते नसेल तर ती पुडी दुकानात ठेवण्याचा परवाना नसावा. हातावर नक्षी काढण्यासाठी पीपीडीयुक्त द्रव्य वापरणे अमेरिकेत मान्य नाही. आपल्याकडील जत्रा-उरुसांच्या व्यवस्थापकांना आपण एक परिपत्रक धाडले तरी पुष्कळ मुले वाचतील. आणि पार्लरचालकांना व केशकर्तनालयांच्या संघटनांना ताकीद असावी की, गिऱ्हाइकाने मेंदी मागितली तर त्याच्या डोक्याला काय लावले जात आहे ते वेष्टन दाखवून सांगावे.

यात प्रामाणिक व्यापाऱ्याचे नुकसान नाही. नुसत्या पानांची शुद्ध मेंदी आणि निळीची भुकटी विकणारे उत्पादक या देशात आहेत. त्यांच्या मालाला वेळ लागतो, त्याची किंमत थोडी अधिक असते, आणि शेजारच्या पुडीवरही तेच चित्र व तेच नाव असल्यामुळे 'तुमची मेंदी काळी का होत नाही' अशी तक्रार त्यांनाच ऐकावी लागते. दोन पुड्यांतील भेद वेष्टनावर दिसू लागला, तर त्यांचा माल आपल्या गुणांवर उभा राहील.

वाचकांनीही एवढे करावे : पुडी घेण्यापूर्वी ती उलटावी, घटकद्रव्यांची यादी वाचावी, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या मुलाकडून वाचून घ्यावी, आणि मेंदीखेरीज अपरिचित रासायनिक नाव आढळले, तर तो कलप आहे असे समजूनच पुढचा निर्णय करावा.

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि या पुड्यांचा खप वाढतो. त्यापूर्वी बाजारातील नमुने तपासून त्यांचा अहवाल, कोणत्या पुडीत काय आढळले याच्या तपशिलासह, आपल्या प्रशासनाने मराठीत प्रसिद्ध करावा, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

कळावे.

आपली नम्र,
एक ग्राहक